गिरडचे दगड आणि चिमूरची चौकशी

वर्धा जिल्ह्यात समुद्रपूर तालुक्यात गिरड नावाचे गाव आहे. गावाजवळच्या टेकडीवर ख्वाजा शेख फरीद बाबांचा दर्गा आहे आणि त्या टेकडीवर वाटोळे वाटोळे दगड सापडतात. कुणाला ते जायफळासारखे दिसतात, कुणाला सुपारीसारखे, कुणाला थेट नारळासारखे. या दगडांची कथा गावोगाव सांगितली जाते, आणि साहेबाच्या अमदानीतील गॅझेटियरातही ती नोंदलेली आहे. दोन फिरते व्यापारी माल लादून या बाजूने चालले होते. त्यांनी टेकडीवर बसलेल्या या फकिराची टवाळी केली. झाले! त्यांचा सगळा माल जागच्या जागी दगड झाला. व्यापारी पाय धरू लागले, तेव्हा फकिराने वाळक्या पानांतून त्यांना नवा माल करून दिला. पण त्या दोघांचे मन आता व्यापारात कुठले लागणार? ते तिथेच राहिले, बाबांची सेवा करीत मेले, आणि टेकडीवरच्या दोन कबरी त्यांच्याच म्हणून दाखवतात.

आता इतिहासाचा जाणकार म्हणेल, की बाबा फरीद तेराव्या शतकात पंजाबात होऊन गेले, त्यांची कबर पाकपट्टणला आहे. भूगर्भशास्त्रज्ञ म्हणेल, की सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरला, त्यात पोकळ्या राहिल्या, त्या पोकळ्यांत झिओलाइटसारखी खनिजे साठली, खडक झिजला आणि गोळे मोकळे झाले. भाविक म्हणेल, असेल बुवा, पण आमचा नवस तर इथेच फळला. नवसाला येणाऱ्यांत हिंदूही असतात, मुसलमानही असतात. मौज अशी, की ही तिन्ही मंडळी एका बाकावर बसून चहा पिऊ शकतील, आणि उठताना एकमेकांना रामराम-सलाम करून आपापल्या वाटेने जातील. पोलीस बोलवावा लागणार नाही.

असे का व्हावे? झिओलाइट खरा की जायफळ खरे, हा प्रश्न काही लहान नाही. त्यात निसर्गाचे नियम, संतांची थोरवी, इतिहासाची साक्ष, सारे काही पणाला लागलेले आहे. पण त्यात एक गोष्ट पणाला लागलेली नाही. कुणाची खुर्ची त्या दगडांवर टेकलेली नाही. उद्या एखाद्या अंमलदाराने आपल्या अंमलाचा आधार म्हणून या कथेची एक बाजू जाहीर केली, की दुसऱ्या दिवसापासून त्या बाकावर चहा पिणे कठीण होईल.

वाचकहो, दिवाळीच्या अंकात चकल्या-करंज्यांबरोबर हे काय ताटात वाढले, असे आपण म्हणाल. पण सत्य, सत्ता आणि स्वातंत्र्य यांचे आपसात नाते काय, हा प्रश्न गेली अडीच हजार वर्षे मोठमोठ्या पंडितांना छळीत आला आहे, आणि मला राहून राहून वाटते, की त्याचे सगळ्यात चांगले धडे आपल्या या कापसाच्या मुलखात, वर्धा आणि चांदा या दोन जिल्ह्यांच्या शिवेवर, पन्नास-साठ मैलांच्या टापूत गिरवले गेले आहेत. आपण मात्र अथेन्सपासून सुरुवात करतो.

आधी शब्द पाहा. सत्य आणि सत्ता हे दोन्ही शब्द एकाच 'सत्'च्या पोटचे. जे आहे ते सत्य, आणि असणे म्हणजे सत्ता. वेदान्तात सत्ता या शब्दाचा अर्थ नुसता अस्तित्व असाच आहे, हुकूम चालवणे हा अर्थ त्याला मागाहून चिकटला. म्हणजे ही सख्खी भावंडे आहेत. आणि सख्ख्या भावंडांत बांधावरून जी भांडणे होतात ती परक्यांत होत नाहीत, हे शेती असलेल्या कोणालाही सांगायला नको.

पहिला धडा पवनारचा. १९४० साली महायुद्ध सुरू होते. हिंदुस्थानला न विचारता युद्धात ओढले, हे उघडपणे बोलण्याची मुभा असावी, एवढ्याच मागणीवर गांधीजींनी वैयक्तिक सत्याग्रह काढला आणि पहिला सत्याग्रही म्हणून विनोबांना निवडले. १७ ऑक्टोबर १९४० रोजी विनोबा पवनारला बोलले, मग आसपासच्या खेड्यांतून बोलले, आणि चार दिवसांनी त्यांना पकडले. लक्षात घ्या, तिथे मिठाची मूठ उचललेली नव्हती, की परदेशी कापडाची होळी नव्हती. एका माणसाने आपल्याला जे खरे वाटते ते चारचौघांत म्हणायचे आणि सरकारने त्याला पकडायचे, एवढाच प्रयोग होता. गणितात ज्याला किमान अट म्हणतात तशी ही स्वातंत्र्याची किमान अट होती. त्याच महिन्यात सरकारने वर्तमानपत्रांवर निर्बंध आणले, गांधीजींनी आपली 'हरिजन' पत्रे बंद ठेवली, आणि देशातल्या संपादकांनी नोव्हेंबरात एक अखिल भारतीय परिषद उभी केली. या परिषदेचे नाव ध्यानात ठेवा. ती पुढे कामास येणार आहे.

दुसरा धडा चिमूरचा, आणि तो फार कडू आहे.

चिमूर गिरडपासून काही फार लांब नाही, टेकडीवरून आग्नेयेकडे तोंड केले की त्या दिशेला ते येते. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमीचा दिवस. मुंबईत पुढारी पकडले गेल्याला आठवडा झाला होता. तुकडोजी महाराजांच्या भजनांनी तो सगळा मुलूख पेटलेला होता. मिरवणूक निघाली, गोळीबार झाला, बालाजी रायपूरकर हा कोवळा मुलगा त्यात पडला. मग जमाव उसळला. प्रांताधिकारी डुंगाजी, नायब तहसीलदार सोनवणे, सर्कल इन्स्पेक्टर जरासंध आणि एक शिपाई यांना लोकांनी ठार केले. त्याच दिवशी वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीलाही तसाच प्रकार घडला. गावकरी गोळीने मेले आणि पोलीसही मारले गेले. दोन-तीन दिवसांत चिमूरला फौज आली. गावातले पुरुष पकडून नेले. घरांतून राहिल्या त्या बायका, म्हाताऱ्या आणि मुले. त्यानंतर त्या घरांत काय झाले, हा या लेखाचा प्रश्न आहे.

स्त्रियांनी सांगितले, आमच्यावर अत्याचार झाले. डॉ. मुंजे जाऊन आले. रमाबाई तांबे आणि नागपूरच्या आणखी काही स्त्रिया गेल्या, त्यांनी बायकांच्या तोंडून हकीकती ऐकल्या आणि जाहीर केल्या. प्रांताचे गव्हर्नर होते सर हेन्री ट्वायनम. सरकारने आरोप मानले नाहीत, आणि चौकशी करण्याचेही नाकारले.

इथे जरा थांबू. सरकारने असे म्हणावयास हरकत नव्हती, की आरोप खोटे आहेत, या, आपण तपासून पाहू. ज्याच्या हाती फौज आहे, तुरुंग आहेत, कचेऱ्या आहेत, त्याला एक चौकशी काय जड होती? पण सत्तेला सत्याची जी भीती असते ती 'आपण खोटे ठरू' एवढीच नसते. तपासाला संमती देणे म्हणजेच आपल्या वर एक न्यायासन आहे असे कबूल करणे. त्या न्यायासनाने सरकारच्या बाजूने निकाल दिला तरी ते वरचेच राहणार! म्हणून उत्तराची भीती एकपट, तर प्रश्नाची दुप्पट. जगातल्या सगळ्या अंमलदारांना हे उपजत कळते. त्यासाठी त्यांना मॅकियाव्हेली वाचावा लागत नाही.

सेवाग्राम आश्रमात प्राध्यापक जयकृष्ण भन्साळी नावाचे गृहस्थ राहत. गुजरात विद्यापीठात शिकवीत असत. माणूस विलक्षण. पूर्वी वर्षानुवर्षे मौन पाळून देशभर हिंडले होते, कच्चे पीठ आणि कडुनिंबाचा पाला खाऊन राहिले होते, आणि मौन मोडू नये म्हणून तांब्याच्या तारेने ओठही शिवून घेतले होते. अशा माणसाला राजकारणाशी काय कर्तव्य? पण चिमूरच्या हकीकती त्यांच्या कानी आल्या आणि ते दिल्लीला गेले. तिथे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात आपल्याच वणीचे लोकनायक बापूजी अणे बसले होते. नोव्हेंबरच्या आरंभी भन्साळी त्यांच्या दाराशी बसले. मागणी एकच होती, की चौकशी करा. अणे काही करू शकले नाहीत. ते हृदयशून्य नव्हते; पुढे फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींच्या उपवासाच्या वेळी त्यांनी मंडळाचा राजीनामा दिला. सत्तेच्या खुर्चीत भला माणूस बसला म्हणजे सत्ता भली होते असे मानणाऱ्यांनी त्या बंगल्याचे दार डोळ्यांपुढे आणावे.

भन्साळींना पकडून परत आणले. ते पायी चिमूरकडे निघाले, पुन्हा अडवून आणले, पुन्हा निघाले. ११ नोव्हेंबरपासून जो उपवास सुरू झाला तो चालूच राहिला. सरकारने मग दुसरे हत्यार काढले. भन्साळी आणि चिमूर यांच्याविषयीचा मजकूर छापायचा नाही! उपवास करणारा माणूस म्हणजे एक जिवंत प्रश्नचिन्ह. त्याला मारता येत नव्हते, म्हणून ते चिन्ह कागदावरून पुसायचे ठरले.

पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असलेल्या गांधीजींनी, बंदी पक्की होण्यापूर्वी, ही बातमी वर्तमानपत्रांत वाचली. २४ नोव्हेंबरला त्यांनी सरकारला लिहिले, की मला भन्साळींशी थेट संपर्क साधू द्या. उपवासाचे कारण समजून घेतो, आणि तो नैतिक दृष्ट्या अयोग्य वाटला तर त्यांना परावृत्त करतो. सरकारचे उत्तर आले, की संपर्क साधता येणार नाही. मात्र उपवास सोडा असा सल्ला द्यायचा असेल तर तो आम्ही पोचवू. गांधीजींनी ही सवलत नाकारली. वस्तुस्थिती जाणून घेतल्याशिवाय सल्ला कसा द्यायचा? मला या सगळ्या प्रकरणात हा लहानसा पत्रव्यवहार सर्वांत बोलका वाटतो. सरकार बोलण्याचे स्वातंत्र्य द्यायला एका पायावर तयार होते, फक्त काय बोलायचे ते आधी ठरवून! आणि जाणून घेण्याचे स्वातंत्र्य मात्र काही केल्या देणार नव्हते. स्वातंत्र्याची चर्चा करताना आपण नेहमी जिभेचा विचार करतो. कान बांधलेल्या माणसाची जीभ मोकळी सोडली तर तो कोणते सत्य सांगणार?

संपादकांच्या परिषदेने मात्र हिंमत धरली. सरकारी मानसन्मानाच्या याद्या छापायच्या नाहीत असे ठरले, आणि ६ जानेवारी १९४३ रोजी देशातल्या वर्तमानपत्रांनी निषेध म्हणून एक दिवस अंक काढला नाही. जी बातमी छापता येत नव्हती ती कोऱ्या दिवसाने सगळ्यांना कळली. कन्हैयालाल मुनशी आणि डॉ. ना. भा. खरे मध्ये पडले. १२ जानेवारी १९४३ रोजी, त्रेसष्टाव्या दिवशी, भन्साळींनी उपवास सोडला. बातम्यांवरील बंदी उठली. चिमूरच्या स्त्रियांवर शिंतोडे उडवण्याचा हेतू नव्हता, अशा अर्थाचा खुलासा सरकारने केला.

आणि चौकशी? ती मिळाली नाही.

हा शेवट आपल्या पाठ्यपुस्तकांना अडचणीचा वाटतो. त्रेसष्ट दिवसांच्या तपश्चर्येनंतर सत्याचा विजय झाला, असे लिहून मोकळे व्हायला बरे असते. पण हिशेब नीट मांडला तर जमेस पडले ते प्रश्न विचारण्याचे स्वातंत्र्य. प्रश्नाचे उत्तर येणे बाकीच राहिले. ज्या बायकांनी सांगण्याचे धाडस केले, त्यांच्या त्या काळच्या अब्रूच्या कल्पना लक्षात घ्या. सांगण्यात त्यांचा फायदा काय होता? नवरे, भाऊ तुरुंगात, काहींच्या मानेभोवती फास. आष्टी-चिमूरच्या ज्या कैद्यांच्या फाशीच्या शिक्षा कायम झाल्या होत्या, त्यांच्यासाठी अनसूयाबाई काळे वणवण हिंडल्या आणि १९४५ साली त्या शिक्षा जन्मठेपेवर आल्या. पुरुषांच्या माना वाचल्या, हे फारच चांगले झाले. बायकांची जबानी मात्र जिथे होती तिथेच राहिली.

आणि दुसऱ्या बाजूचेही सत्य आहे, ते बोलले पाहिजे. डुंगाजी, सोनवणे, जरासंध ही नावे आपण चिमूरच्या कथेत किती वेळा ऐकतो? 'इंग्रजांचे राज्य तीन दिवस उखडले' या वाक्यात ही माणसे कुठे असतात? ते इंग्रज नव्हते. त्यांनाही घरे होती. गोळीबाराचा संताप खरा, मुलाचे रक्त खरे, आणि जमावाने माणसे मारली हेही खरे. फौजेच्या अत्याचारांची चौकशी मागणाऱ्याने या मृत्यूंविषयी पुटपुटून पुढे जाऊ नये. सत्य आपल्या बाजूचे असते तेव्हा त्याची जयंती साजरी करणे सोपे असते. सरकार एकटेच झाकाझाक करते असे थोडेच आहे? पराक्रमी गावही करते.

आता पंडितांकडे वळतो, पण फार वेळ घेत नाही. मिशेल फुको नावाचे फ्रेंच पंडित सांगून गेले, की सत्य सत्तेच्या बाहेर कुठे नसतेच. कोणते बोलणे खरे म्हणून चालावे हे प्रत्येक समाजात सत्तेच्या व्यवहारातूनच ठरते. यात निम्मे तथ्य आहे. चिमूरच्या बायका ऑगस्टमध्येच बोलत होत्या, पण त्यांचे म्हणणे ऐकू आले ते डॉक्टर मुंज्यांसारखा प्रतिष्ठित माणूस आणि नागपूरच्या शिकलेल्या स्त्रिया ते सांगू लागल्या तेव्हा. सत्याला साक्षीदार लागतो आणि साक्षीदाराला वजन लागते. ते वजन सत्तेच्याच तराजूवर ठरलेले असते. परंतु उरलेले निम्मे मला पटत नाही. कोणाचे ऐकले गेले हे सत्तेने ठरवले, म्हणून त्या घरांत काय घडले तेही सत्तेनेच ठरवले काय? घडले ते घडले. ट्वायनमसाहेबांना ते छापण्यावर बंदी घालता आली, घडण्यावर मागाहून बंदी घालता आली नाही. हॅना आरेण्टबाईंनी १९६७ मध्ये एका निबंधात हाच मुद्दा मांडला. मते बदलता येतात, पटवता येतात, त्यांत देवाणघेवाण होते. वस्तुस्थिती मात्र हट्टी असते, ती कुणाच्या संमतीची वाट पाहत नाही, आणि म्हणूनच जुलमी राजवटीला ती प्रतिस्पर्ध्यासारखी खुपते. त्यांनी आणखी एक बजावले आहे. सतत खोटे सांगत राहिल्याने लोक खोट्यावर विश्वास ठेवू लागतात असे नाही, तर खरे-खोटे ओळखण्याची त्यांची दिशाच हरवते. आज प्रत्येकाच्या खिशात फोन आहे. आजचे चिमूर दाबून टाकावे लागणार नाही. संध्याकाळपर्यंत त्याच्या दहा हकीकती हिंडू लागतील आणि रात्री जेवताना आपण म्हणू, कोण जाणे काय झाले ते! ट्वायनमसाहेबांना ही युक्ती सुचली असती तर बंदीहुकमाची शाई वाचली असती.

तिसरा धडा पुन्हा पवनारचाच. तो सांगताना हात जरा जड होतो.

१९७५ च्या जूनमध्ये आणीबाणी आली. वर्तमानपत्रांवर पूर्वतपासणी बसली. विनोबा त्या वेळी वर्षभराच्या मौनात होते. मौनातूनच त्यांनी महाभारतातले 'अनुशासन पर्व' हे शब्द दाखवले, आणि सरकारने ते उचलून भिंतीभिंतींवर लावले. ज्या पवनारला एका माणसाने केवळ बोलण्याच्या हक्कासाठी तुरुंग पत्करला होता, त्याच पवनारचे शब्द आता देशाला गप्प बसवायला उपयोगी पडले. पुढे मौन सुटल्यावर, १९७६ च्या आरंभी भरलेल्या आचार्यांच्या संमेलनात विनोबांनी फोड करून सांगितली, की शासन असते सत्ताधाऱ्यांचे आणि अनुशासन असते आचार्यांचे. निर्भय, निर्वैर, निष्पक्ष माणसे जे सांगतील ते अनुशासन. फोड उत्तम आहे. सत्य आणि सत्ता या भावंडांची वाटणी याहून नेटकी कोणी केली असेल असे मला वाटत नाही. पण ती यायला सहा-सात महिने लागले, आणि तोवर भिंती रंगून वाळल्या होत्या. सत्यवक्त्याचे मौनदेखील सत्तेच्या हाती लागले की बोलू लागते, आणि तिच्या आवाजात बोलते. भन्साळींचे मौन वेगळे होते काय? ते त्यांनी वेळेवर मोडले, एवढाच फरक मला दिसतो.

डिसेंबर १९७५ मध्ये कऱ्हाडला साहित्य संमेलन भरले होते. अध्यक्षस्थानी दुर्गाबाई भागवत, आणि मंडपात यशवंतराव चव्हाण. दुर्गाबाईंनी सर्वांसमक्ष जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला सांगितले. पुढच्या वर्षी त्यांनाही अटक झाली. त्यांच्यामागे आश्रम नव्हता, उपवासाचे बळ नव्हते, अनुयायी नव्हते. होते ते अध्यक्षीय आसन, तेही तीन दिवसांचे.

आणि पवनारची हकीकत एवढ्यावर संपत नाही. विनोबांनी गोहत्याबंदीसाठी ११ सप्टेंबर १९७६ पासून उपवास करण्याचे जाहीर केले. हे निवेदन आश्रमाच्या 'मैत्री' या मासिकात छापले होते. जून महिन्यात पोलीस पवनारच्या आश्रमात आले आणि त्या अंकाच्या प्रती जप्त करून घेऊन गेले. अनुशासन पर्वाच्या पाट्या त्या वेळी रस्त्यांवर होत्याच.